यंत्र दोन सेकंद झोपलं

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. ज्या मित्राबरोबर दर शनिवारी जेवतो, त्यालाही नाही. लिहून काढावं असंही कधी वाटलं नव्हतं. लिहिणं हा एकेकाळी माझा धंदा होता, आणि कागदावर उतरलेली गोष्ट परत घेता येत नाही हे धंद्यातल्या माणसाला पक्कं ठाऊक असतं. आता तुम्हाला सांगतो आहे. का तुम्हालाच? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. दुसरं कारण नाही.

आधी मी कोण ते. शिक्षण कॉम्प्युटरचं, पण पहिली नोकरी सदर भागातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर. वार्ताहरांनी आणलेल्या बातम्या मी नीट करायचो. कोण, काय, कुठे, कधी. विशेषण दिसलं की काढायचं. ऐकीव दिसलं की खोडायचं. तिथल्या वर्षांत माझ्या हातून गेलेल्या एकाही बातमीचा खुलासा पेपरला छापावा लागला नाही. त्याचा मला अभिमान होता. अजूनही आहे — आणि हा सगळा मजकूर त्या अभिमानाबद्दलच आहे, हे आताच सांगून टाकतो.

पेपरची पानं कमी झाली, माणसंही कमी झाली, आणि मी एका लहान कंपनीत गेलो. मीटर वाचून जागेवरच बिल छापून देणारं, हातात मावणारं यंत्र ही कंपनी बनवत होती. माझं काम चाचण्यांचे अहवाल लिहिण्याचं. तिथे एक हुशार इंजिनिअर होता. पुण्याला निघून जाण्याआधी त्याने मला ट्रेस वाचायला शिकवलं.

ट्रेस म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. यंत्राच्या आत, सगळ्यात खाली, कर्नल नावाचा प्रोग्राम असतो. स्क्रीन कधी मालवायची, प्रोसेसरचा वेग कधी उतरवायचा, सगळं यंत्र कधी झोपवायचं, बटण दाबल्यावर कोणाला आधी उठवायचं — विजेचे हे सगळे निर्णय तो घेतो. घेतलेला प्रत्येक निर्णय वेळेसकट नोंदवण्याची सोय त्याच्यातच असते. ती चालू केली की ओळी पडत जातात. यंत्र झोपलं. यंत्र उठलं. कशाने उठलं. विशेषण नाही, मत नाही, कोणाची बाजू नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, असा वार्ताहर मला डेस्कवर एकही मिळाला नव्हता.

त्या कंपनीत वनिता होती.

वनिता मूळची उमरेडची. माहेरी हातमाग होते, आता नाहीत. नवरा गांधीबागेत कापडाच्या दुकानात, राहायला हुडकेश्वरला. यंत्र बाहेर नेऊन वापरून पाहणं, पाडून पाहणं, उन्हात ठेवून पाहणं हे तिचं काम. नोकरी तात्पुरती होती. कायम करण्याचं बोलणं चालू होतं, आणि ते होणार असं सगळे धरून चालले होते. कामात चोख, आणि जीभ अशी की समोरचा हसला तरी त्याला कुठेतरी लागलेलं असायचं. मला ती 'पेपरवाले' म्हणायची.

एकदा कंपनीबाहेरच्या टपरीवर आम्ही सगळे तर्री-पोहे खात होतो. मी कोणाला तरी विचारलं की कालची चाचणी किती वाजता सुरू झाली, आणि तेव्हा हजर कोण होतं. वनिताने प्लेट खाली ठेवली, चष्मा नाकावर ओढल्यासारखं केलं आणि माझ्या आवाजात म्हणाली, "बायको चहा देते तं तिलेही असंच विचारता का गा पेपरवाले? चहा कोणी दिला, किती वाजता दिला, कोणासमक्ष दिला? आणि दुसऱ्या सूत्राकडून दुजोरा मिळाला काय?"

सगळे हसले. पोहेवालासुद्धा हसला. मीही हसलो.

इतकंच. याहून मोठं तिने माझं काही केलं नव्हतं. तुम्ही मोठ्या कारणाची वाट पाहत असाल तर — नाही. कारण एवढंच होतं.

आता त्या रविवारबद्दल. यंत्रं गिऱ्हाइकाला द्यायची तारीख जवळ आली होती आणि एक चाचणी राहिली होती. बॅटरी पूर्ण भरायची, यंत्र झोपवायचं, तीन तास त्याला कोणी हात लावायचा नाही, मग बटण दाबून उठवायचं आणि बॅटरी किती उतरली ते लिहायचं. चाचणी करणाऱ्याने त्याच खोलीत थांबायचं. मोबाइल बंद करायचा, कारण जवळ वाजणाऱ्या मोबाइलमुळे यंत्र जागं होण्याची शंका होती. झालं की यंत्र लगेच चार्जिंगला लावायचं. हे नियम मीच लिहिले होते. मालकांनी — आम्ही त्यांना सर म्हणायचो — विचारलं, कधी करायची? मी म्हणालो, रविवारी दुपारी, वनिताच्या घरी. तिकडे शांतता असते.

त्या रविवारी दुपारी उमरेडला तिच्या धाकट्या बहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. त्यांची आई नव्हती. मुलाकडची माणसं येणार, तेव्हा आईच्या जागी उभं राहायचं ते वनितानेच. आठवडाभर ती त्याच साडीबद्दल आणि त्याच जेवणाबद्दल बोलत होती. तारीख मला माहीत होती का?

होती.

तिने सरांना एकदा विचारून पाहिलं. सर म्हणाले, बघा, तुमच्या कायम होण्याचा कागद याच आठवड्यात माझ्या टेबलावर येतो आहे. ती थांबली. नवऱ्याला आणि मुलीला सकाळीच उमरेडला पाठवलं, मोबाइल बंद करून स्वयंपाकघरात ठेवला, आणि यंत्र समोर घेऊन तीन तास बसली. हे मी आज खात्रीने लिहितो. तेव्हाही खात्रीने लिहू शकलो असतो. पण ते पुढे येईल.

सोमवारी तिने यंत्र आणून दिलं. तोंड उतरलेलं होतं. आपणहूनच म्हणाली, "बहीण बोलूनच नाही राहिली माझ्याशी. बाबा म्हणते, तुले नोकरी मोठी झाली." तिने लिहून आणलेला आकडा वाईट होता. झोपेतल्या तीन तासांत बॅटरी जवळजवळ चौथाई उतरली होती. झोपलेल्या यंत्राने इतकी वीज खाणं म्हणजे आत काहीतरी जागं राहिलंय. ही बातमी कंपनीत कोणालाच नको होती.

मी ट्रेस उघडला. यंत्र झोपल्याची ओळ होती. तिच्याखाली यंत्र उठल्याची ओळ, बटणाने. दोन्ही ओळींमध्ये अंतर दोन सेकंदांचं.

मी पुन्हा पाहिलं. दोन सेकंद.

डेस्कवर काम केलेल्या माणसाला अशा वेळी काय होतं, ते सांगतो. अंगावर काटा वगैरे येत नाही. थंड व्हायला होतं. सगळं जागेवर बसतं. तिने यंत्र झोपवलं, लगेच उठवलं, चार्जिंगला लावलं आणि उमरेडला निघून गेली. परत येऊन मनाने एक आकडा लिहिला. कारण होतं, संधी होती, पुरावा समोर होता. मी अहवाल लिहायला घेतला. विशेषण एकही नाही. 'खोटं' हा शब्द नाही, 'फसवणूक' नाही. वर एक ओळ, ठळक: यंत्र दोन सेकंद झोपलं. खाली चाचणीचा नियम. त्याखाली वनिताचा आकडा. त्याखाली, शेवटी, वेगळ्या परिच्छेदात, एकच वाक्य: त्याच दिवशी उमरेड येथे श्रीमती वनिता यांच्या बहिणीचं साक्षगंध होतं.

यातलं कोणतं वाक्य खोटं आहे? एकही नाही, असं मला तेव्हा वाटत होतं. वाक्यं कोणत्या क्रमाने लावायची ते मला येत होतं, बस.

सरांनी अहवाल वाचला आणि मला आत बोलावलं. "काय लिहिता हो तुम्ही," ते म्हणाले. "वकिलाला नाही जमणार." इंजिनिअर लोकांनीही वाचला. कंपनीत आल्यापासून पहिल्यांदा माझ्या टेबलाशी येऊन कोणीतरी उभं राहिलं. बुधवारी दुपारनंतर वनिताला बोलावून विचारायचं ठरलं.

इथपर्यंत झाली ती चूक होती. चूक कोणाकडूनही होते. कबूल करायचं आहे ते यापुढचं.

बुधवारी जेवणाआधी मला वाटलं, आपली बाजू आणखी पक्की करावी. दुसरं एक यंत्र घेतलं, तोच ट्रेस चालू केला, यंत्र झोपवलं आणि डबा खायला गेलो. सावकाश जेवलो. परत येऊन बटण दाबलं, ट्रेस उघडला. झोपल्याची ओळ, उठल्याची ओळ. मधलं अंतर दोन सेकंदांच्याही आत.

मी अर्धा तास तरी जेवत होतो.

ट्रेसमधल्या प्रत्येक ओळीला वेळ पडते, ती यंत्रातल्या एका घड्याळाची. यंत्रात अशी घड्याळं एकाहून जास्त असतात. त्यातलं एक यंत्र झोपलं की स्वतःही थांबतं, यंत्र उठलं की जिथे होतं तिथून पुढे चालू लागतं. त्याच्या लेखी झोप नसतेच. झोपताना आणि उठताना लागणारे एक-दोन सेकंद तेवढे त्याला दिसतात. दुसरं घड्याळ झोपेतही चालतं. कोणतं वापरायचं ते आपण सांगायचं असतं. मी काहीच सांगितलं नव्हतं, जे आपोआप मिळालं ते ठेवलं होतं. पुण्याला जाता जाता तो इंजिनिअर घड्याळांबद्दल काहीतरी बोलला होता. मी मान हलवली होती.

म्हणजे वनिताचं यंत्र तीन तास झोपलं होतं. ती तीन तास तिथे होती. तिचा आकडा खरा होता.

मी खुर्चीवर बसून राहिलो. किती वेळ ते आठवत नाही. काय विचार केला, ते मात्र आठवतं. सरांच्या खोलीत जाऊन 'माझ्याकडून चुकलं' म्हणायला किती वेळ लागला असता? एक वाक्य. मग वनिताला कळलं असतं. मग टपरीवर — मला तिचा आवाज ऐकूसुद्धा आला — "खुलासा छापा गा पेपरवाले, खुलासा!" आणि पोहेवाला पुन्हा हसला असता.

मी माझ्या चाचणीचा ट्रेस पुसला. यंत्र होतं तिथे ठेवलं. आणि सरांच्या खोलीत गेलो.

वनिताला अहवाल वाचून दाखवायचा होता. तो मीच वाचला. आवाज चढवला नाही, कुठे थांबलो नाही. ती आधी हसली. तिला ही थट्टाच वाटली असावी.

"दोन सेकंद? काहून गा भाऊ, दोन सेकंदात तं माणसाले धड शिंकताही येत नाही."

कोणी हसलं नाही. तेव्हा तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"सर, मी हलली नाही तिथून. पाणी प्यायलेही उठली नाही."

घरी कोण होतं, सरांनी विचारलं. कोणी नाही, ती म्हणाली, सगळे उमरेडला होते. फोन? फोन बंद होता, नियमच होता तसा. नवऱ्याला विचारा, ती म्हणाली. मी म्हणालो, घरच्या माणसाच्या सांगण्याला वजन नसतं. सरांनी मान डोलावली.

मग तिने मोबाइल काढला. साक्षगंधाचे फोटो होते. बहीण पाटावर बसलेली, मागे पाहुणे. तिने मोबाइल सरांच्या टेबलावर सरकवला. "पाहा न सर. साऱ्या फोटोत पाहा. मी एकातही नाही. आईच्या जागी माझी मावशी उभी आहे पाहा." बोट ठेवून एकेक फोटो ती दाखवत होती. स्वतःचं नसणं दाखवत होती. सर पाहू लागले, आणि त्यांचा चेहरा थोडा सैल झाला. मला तो दिसला.

मी म्हणालो, "फोटोत नसणं म्हणजे घरी असणं नव्हे."

हे मी ठरवून बोललो. तिचं खरं आहे हे ठाऊक असताना बोललो. बोलताना मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. वाक्य आटोपशीर होतं. सरांनी मोबाइल परत तिच्याकडे सरकवला.

शेवटी ती सरांशी बोलली नाही, माझ्याशी बोलली. "पेपरवाले, तुमचं ते यंत्र सारं लिहून ठेवते म्हणता न? मंग सांगा. माझे तीन तास कुठं गेले?"

उत्तर मला पाठ होतं. तिथल्या कोणत्याही माणसापेक्षा मला ते चांगलं माहीत होतं. मी म्हणालो, "तेच तर आम्ही तुम्हाला विचारतोय."

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. तिला येऊ नका असं सांगण्यात आलं होतं. तिच्या घरच्यांना तिने काय सांगितलं असेल? उमरेडची माणसं म्हणत होती, ऑफिससाठी बहिणीला सोडलं. ऑफिस म्हणत होतं, बहिणीसाठी काम सोडलं. त्या तीन तासांपुरती ती कुठेच नव्हती, आणि हे मी केलं होतं.

थांबा, अजून आहे.

यंत्रं गेली. हुडकेश्वर भागात मीटर वाचणाऱ्यांच्या हातात दुपार व्हायच्या आत ती बंद पडू लागली. माणसं अर्ध्या गल्लीतून परत फिरत. कंपनीला सगळी यंत्रं माघारी घ्यावी लागली. शोधल्यावर सापडलं ते असं, की यंत्र झोपलं तरी आतल्या छोट्या प्रिंटरला वीज जातच राहत होती. वनिताच्या आकड्याने हेच सांगितलं होतं. सरांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "हे आधी कसं नाही कळलं?"

मी म्हणालो, "आधीची चाचणीच झाली नव्हती, सर."

त्यानंतर एकदा, सगळे जेवायला गेलेले असताना, मी ट्रेसच्या मांडणीत घड्याळाचं नाव बदललं. एकच शब्द. त्या बदलापुढे काय केलं ते लिहावं लागतं. मी लिहिलं: किरकोळ सुधारणा. कोणी विचारलं नाही. पुढचे माझे सगळे अहवाल अचूक निघाले. खुलासा अजूनही एकाचाही नाही.

मध्ये काही वर्षं गेली. गेल्या दिवाळीच्या आधी बायकोला पडद्याचं कापड हवं होतं म्हणून गांधीबागेत गेलो. ती ज्या दुकानात शिरली तिथे गिऱ्हाइकांसमोर वनिता बसली होती. मागे फिरायला जागा होती. पण बायको बसूनही गेली होती.

"ओळखलं का गा पेपरवाले?" वनिता म्हणाली. आवाज तसाच होता. माझ्या बायकोला म्हणाली, "आम्ही एका ऑफिसात होतो वं ताई. लय शिस्तीचा माणूस तुमचा. याले चहा देताना टाइम सांगून देत जा." बायको हसली. मी बहिणीबद्दल विचारलं. लग्न झालं, म्हणाली, लग्नात बोलावलं होतं, आम्ही मागच्या ओळीत बसून जेवून आलो.

कापडाची तीन-चार थानं तिने बायकोपुढे उलगडली. बायको रंग पाहायला दाराच्या उजेडात गेली. तेव्हा वनिता थोडी पुढे वाकली. राग नव्हता. मला तो हवा होता का? माहीत नाही. नव्हता, एवढं खरं.

"एक विचारू का? खरं सांगजा. मी लय विचार करून राहिली याचा. त्या दिवशी मन सारं उमरेडलेच होतं न माझं. बसल्या बसल्या माझाच डोळा लागला असन का? झोपेत माझाच हात बटणावर पडला असन का? आणि मले वाटलं असन की तीन तास झाले. असं होऊ शकते का? तुम्हाले त्यातलं समजते म्हणून विचारते."

म्हणजे इतक्या वर्षांत तिने स्वतःलाच उलटतपासणीला उभं केलं होतं. माझा अहवाल खरा धरून त्यात आपल्याला बसवायची ती वाट शोधत होती. मी दुकानाबाहेर पाहिलं. बायको कापड उजेडात धरून उभी होती. सरांची खोली नव्हती, माझी नोकरी पणाला नव्हती, टपरी नव्हती, हसणारं कोणी नव्हतं. समोर फक्त वनिता होती. घड्याळाची ती गोष्ट चार वाक्यांत सांगून झाली असती.

मी म्हणालो, "असू शकतं, वनिताताई. होतं असं."

तिने मान हलवली. "मलेही तसंच वाटते," म्हणाली. आणि बायको परत आली तशी तिने तिच्यापुढे आणखी एक थान उलगडलं.